तुम्हीच भरलं नसेल!

आमच्या संगणकाच्या धंद्यात एक वाक्य आहे. ते कोणी शिकवत नाही, नोकरीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात आपोआप तोंडात बसतं. समोरची व्यक्ती काकुळतीला येऊन सांगत असते, की मी फॉर्म पूर्ण भरला होता, सेव्हचं बटण दाबलं, 'माहिती यशस्वीरीत्या जतन झाली' असा हिरवा पट्टाही आला, आणि आता उघडून बघते तर निम्मं गायब! त्यावर आपण स्क्रीनवरची नजरसुद्धा न काढता म्हणायचं, "तुम्हीच भरलं नसेल."

आज मला या वाक्याशी भांडायचंय. वेब अ‍ॅप्लिकेशन्स लिहून मी पोट भरते, त्यामुळे हे घरचंच भांडण आहे. माझं म्हणणं एवढंच, की भरलेल्या फॉर्ममधलं काही गिळून जो प्रोग्राम वर 'यशस्वी' म्हणतो, तो खोटं बोलतो. आणि त्या खोट्याचा जाब फॉर्म भरणाऱ्याला विचारणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

(नातेवाईक मंडळी, आता थोडं तांत्रिक येणार आहे. पण पळू नका, यात तुमचाच फायदा आहे.)

फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला आत एक नाव दिलेलं असतं. तुम्ही बटण दाबलंत की ब्राउझर या सगळ्या नावांची आणि त्यांच्यापुढे तुम्ही लिहिलेल्या मजकुराची एक लांबलचक माळ ओवतो आणि सर्व्हरकडे पाठवतो. तिथला प्रोग्राम ती माळ सोडवून एकेक मणी उचलतो. या प्रवासात मणी गळायला किती जागा आहेत म्हणून सांगू!

प्रोग्रामरने रकान्याला नावच दिलं नाही तर ब्राउझर तो पाठवतच नाही. पडद्यावर तो रकाना छान दिसतो, त्यात लिहिताही येतं, पण तो माळेत नसतो. रकाना 'डिसेबल्ड' म्हणजे करडा करून ठेवला असेल तर तोही जात नाही. हे तर कितीतरी जणांना माहीत नसतं, कारण त्याचा जुळा भाऊ 'रीडओन्ली' मात्र इमानदारीत जातो. टिक न केलेला चौकोन 'नाही' असं सांगत नाही, तो मुळात हजरच राहत नाही. (रेल्सवाल्यांनी यावर युक्ती काढली. प्रत्येक चौकोनाच्या आधी त्याच नावाचा एक लपवलेला शून्याचा रकाना ठेवतात, म्हणजे टिक नसेल तर निदान शून्य तरी पोचतं.) पत्ता बदलला म्हणून सर्व्हरने ३०१ किंवा ३०२ चं उत्तर देऊन दुसरीकडे पाठवलं, तर ब्राउझर तिकडे जातो खरा, पण बहुतेक वेळा हात हलवत, माळ मागेच टाकून. पीएचपीमध्ये नावात टिंब असेल तर त्याची अंडरस्कोर होते, मग प्रोग्राम टिंबवाल्या नावाला हाका मारत बसतो. आणि पाठवलेला ऐवज 'पोस्ट मॅक्स साइझ' या मर्यादेपेक्षा मोठा निघाला, (एरवी ती ८ एमबी असते), तर पीएचपी संपूर्ण माळच रिकामी करून हातात देतं. फोटो जरा मोठा होता म्हणून नाव-गाव-पत्तासुद्धा गेला!

यातलं एकही कारण फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या हातात नाही, हे लक्षात घ्या.

आता खरी गोम. मणी गळाला हे प्रोग्रामला कळायला हवं ना? कळतं की! पीएचपी कुरकुरतं, की अमुक नावाचं काही आलेलंच नाही. पण वर्षानुवर्षं ही कुरकुर 'नोटिस' या सगळ्यात खालच्या पायरीची होती. २०२० साली पीएचपी ८ आलं तेव्हा कुठे तिला 'वॉर्निंग'ची बढती मिळाली. आणि आमच्या लोकांनी काय केलं, तर ती कुरकुर बंद करायचे उपाय शोधले. ओळीच्या आधी अ‍ॅट-चं चिन्ह लावलं की तक्रार दाबली जाते. किंवा लिहायचं, 'असेल तर घे, नसेल तर रिकामं समज'. किंवा त्याहून भारी, जे काही असेल-नसेल त्याचा जबरदस्तीने आकडा करायचा. 'काहीच नाही' याचा आकडा केला की शून्य येतं. लाल अक्षरं गेली, पान स्वच्छ दिसलं, साहेब खूश.

ज्या मातीत शून्याला अंकाचा मान मिळाला त्याच मातीतले आपण 'शून्य' आणि 'आलंच नाही' यांतला फरक पुसून टाकतो, याला काय म्हणावं?

हा फरक किती महाग पडतो ते माझ्या मावशीला विचारा. ती एका शाळेत वर्गशिक्षिका होती. शाळेचं नाव सांगत नाही, सॉफ्टवेअर करून देणाऱ्यांचंही नाही. २०१४ ची सहामाही परीक्षा. गुण भरायला एक लांब पान होतं, डावीकडे हजेरीपटाप्रमाणे मुलांची नावं, आडवे सहा विषय, प्रत्येक विषयाचे लेखी, तोंडी आणि प्रकल्प असे तीन रकाने. मावशीने एक अख्खा रविवार घालवून ब तुकडीचे गुण भरले. सेव्ह केलं. हिरवा पट्टा आला. दोन दिवसांनी गुणपत्रकं छापून आली, तर शेवटच्या दोन मुलांना सगळ्या विषयांत शून्य! आणि त्यांच्या आधीच्या मुलीला मराठी, हिंदी व्यवस्थित, इंग्रजीचं लेखीही बरोबर, आणि तिथून पुढे शून्यच शून्य.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन गेला. उत्तर ओळखा बघू. "मॅडम, तुम्हीच भरलं नसेल."

मावशीने पुन्हा भरलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा शेजारी एका सरांना साक्षीला बसवून भरलं. पुन्हा तेच. मग मुख्याध्यापकांनी तो प्रश्न विचारला, जो अशा वेळी हमखास विचारला जातो : "बाई, मग अ तुकडीचं बरोबर कसं होतं?" तीस-बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईला कारकुनासमोर हे ऐकावं लागलं. शून्य मिळालेल्यांपैकी एका मुलाचे वडील शाळेत येऊन काय काय बोलून गेले ते वेगळंच.

मला तिने फोनवर जे सांगितलं ते वाक्य मी विसरणार नाही. "अगं, मला संगणकातलं काही कळत नाही, पण दर वेळी त्याच जागी तुटतंय बघ. इंग्रजीच्या लेखीनंतर. माझ्याकडून राहिलं असतं तर दर वेळी वेगळीकडे राहिलं असतं ना?"

याला म्हणतात निदान! जे तिला स्वयंपाकघरात उभं राहून सुचलं, ते पगार घेणाऱ्या माणसाला सुचलं नव्हतं, कारण त्याने ऐकूनच घेतलं नव्हतं. चूक दर वेळी एकाच जागी होत असेल तर ती माणसाची नसते, यंत्राची असते. माणूस इतका नियमित नसतो.

मी गेले आणि मोजलं. दुसरं काही केलं नाही, फक्त मोजलं. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबलं की नेटवर्क नावाचा भाग उघडतो, त्यात ब्राउझरने नेमकं काय पाठवलं ते ओळीने दिसतं. वर्गात मुलं ५५. प्रत्येकाचे १८ गुण आणि एक लपवलेला नोंदणी क्रमांक, म्हणजे १९. पंचावन्न गुणिले एकोणीस, १०४५. वर इयत्ता, तुकडी, सत्र आणि लॉगिनची खूण असे चार. एकूण १०४९. ब्राउझरने १०४९ पाठवले होते. सर्व्हरवरच्या प्रोग्रामच्या हाती पडले १०००. बरोब्बर १०००.

आता गणित घाला. सुरुवातीचे चार सोडले तर उरतात ९९६. त्यात ५२ मुलं पूर्ण बसतात, ९८८. उरले आठ. त्रेपन्नाव्या मुलीचा क्रमांक आणि तिचे पहिले सात गुण : मराठीचे तीन, हिंदीचे तीन, इंग्रजीचं लेखी. झालं. नंतरचे ४९ मणी दारातच फेकून दिले गेले. आणि अ तुकडीत मुलं होती ४८. त्यांचे होतात ९१६. म्हणून 'अ तुकडीचं बरोबर कसं'!

हा हजाराचा आकडा आला कुठून, तेही सांगते, कारण दुसऱ्या बाजूचं म्हणणं न सांगता भांडणं बरोबर नाही. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवून दिलं, की मुद्दाम निवडलेल्या नावांचे ढीगभर रकाने एकदम पाठवले तर सर्व्हरचं डोकं त्यांची मांडणी करण्यातच अडकून पडतं. थोड्याशा ऐवजात अख्खं यंत्र मिनिटच्या मिनिटं गुंतवून ठेवता येतं. पीएचपी, जावा, एएसपी डॉट नेट, पायथन, सगळेच सापडले. (पर्लवाले मात्र २००३ पासून निर्धास्त होते. हाच धोका तेव्हा एका शोधनिबंधात आला होता आणि त्यांनी तो मनावर घेतला होता. बाकीच्यांना आठ वर्षं लागली.) पीएचपीने जानेवारी २०१२ मध्ये ५.३.९ या आवृत्तीत 'मॅक्स इनपुट व्हार्स' नावाची मर्यादा घातली, एका वेळी हजार रकाने, बस. घाईत लावलेल्या त्या ठिगळालाच दुसरं मोठं भोक निघालं आणि महिन्याभरात ५.३.१० काढावी लागली, ती गंमत निराळी. शाळेचा सर्व्हर २०१४ च्या पावसाळ्यापर्यंत जुन्या ५.२ वर होता, तिथे ही मर्यादा नव्हती. होस्टिंगवाल्यांनी त्याला ५.४ वर नेलं आणि मर्यादा लागू झाली. म्हणून आदल्या वर्षी सगळं सुरळीत होतं.

मर्यादा घालायला माझी ना नाही. चोर येतात म्हणून दाराला कडी लावली, ठीकच आहे. माझा राग आहे तो मर्यादा ओलांडल्यावर पीएचपी जे करतं त्यावर. ते पहिले हजार रकाने घेतं, बाकीचे टाकून देतं, आणि प्रोग्रामला 'चल, काम कर' म्हणून सांगतं. इशारा देतं म्हणा, पण कुठे? सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ, की इनपुट व्हेरिएबल्स हजाराच्या वर गेले, आणि ठिकाण काय तर 'अननोन, ओळ शून्य'. प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच हे घडून गेलेलं असतं, त्यामुळे प्रोग्राममध्ये चुका पकडायला बसवलेला पहारेकरीही ते पकडू शकत नाही, तो तेव्हा कामावर आलेलाच नसतो. आणि स्वस्तातल्या होस्टिंगवर लॉग वाचतं कोण?

"पण मग दुसरं करणार काय?" असं मला एका मित्राने विचारलं. अरे, ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं की! त्याच हल्ल्यावर मायक्रोसॉफ्टने २९ डिसेंबर २०११ ला दुरुस्ती काढली. मर्यादा तीच, हजार. पण ओलांडली की एएसपी डॉट नेट सरळ एक्सेप्शन फेकतं आणि काम थांबतं. संदेश अगम्य होता, लोकांनी शिव्या घातल्या, पण कोणाचा अर्धा फॉर्म गुपचूप सेव्ह झाला नाही. जँगोने २०१६ मध्ये १.१० या आवृत्तीत अशीच हजाराची मर्यादा आणली, तेही जास्त आलं की ४०० चं उत्तर देऊन अख्खा फॉर्म परत पाठवतं. पीएचपीचं मात्र आजही तसंच चाललंय, ठरीव आकडा हजार, आणि वरचं मुकाट्याने छाटायचं. टॉमकॅटही बरीच वर्षं मर्यादेपलीकडचं सोडून द्यायचं, फक्त तिथे मर्यादा दहा हजारांची होती.

मला सरकारी कचेरीतल्या जुन्या खिडक्या आठवतात. पलीकडचा कारकून खेकसायचा, "इथं सही राहिली, दाखल्याची प्रत नाही, उद्या या!" आणि कागद अंगावर फेकायचा. अपमान व्हायचा, एक दिवस फुकट जायचा. पण त्याने कधी अर्जाची शेवटची दोन पानं फाडून केराच्या टोपलीत टाकली आणि उरलेल्यावर 'पोचलं' असा शिक्का मारून दिला, असं झालं नाही. आम्ही जे बनवून ठेवलंय ते त्या कारकुनापेक्षा गोड बोलतं आणि त्याच्यापेक्षा वाईट वागतं.

आणि हे एका शाळेपुरतं नाही. वर्डप्रेसवर ब्लॉग चालवणाऱ्यांना आठवत असेल, मेनू फार मोठा झाला की सेव्ह केल्यावर शेवटचे दुवे गायब व्हायचे. तोच हजार! पुढे त्यांनी अख्खा मेनू एकाच रकान्यात गुंडाळून पाठवायला सुरुवात केली. मूडल नावाची शिक्षणसंस्थांमध्ये वापरली जाणारी प्रणाली आहे, ती पीएचपी ८ वर बसवताना आधीच तपासते की ही मर्यादा निदान ५००० आहे ना, नसेल तर पुढे जाऊच देत नाही. म्हणजे हे दुखणं जगजाहीर आहे. तरी फोनवर उत्तर काय मिळतं, ते वर सांगितलंच.

'यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो' या श्रद्धेने काय होऊ शकतं ते ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसमध्ये दिसलं. तिथल्या होरायझन प्रणालीत हिशेबाचे घोळ होते. कारणं निराळी होती, रकाने गळण्याचा हा प्रकार नव्हे. पण खातं म्हणालं प्रणाली ठीक आहे, आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त पोस्टचालकांना गुन्हेगार ठरवलं गेलं. शिक्षा रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला. मावशीवर कोणी खटला भरला नाही. तिने त्या वर्षानंतर गुण भरायच्या कामातून अंग काढून घेतलं, एवढंच.

आता माझ्या धंदेबंधूंसाठी. हे टाळायला अक्कल लागत नाही, इच्छा लागते. फॉर्मच्या अगदी शेवटी एक लपवलेला रकाना ठेवा, नाव द्या 'शेवट'. तो पोचला नाही, तर मधे कुठेतरी कात्री लागली आहे, काहीही सेव्ह करू नका आणि तसं स्पष्ट सांगा. सुरुवातीला दुसरा ठेवा, त्यात एकूण मुलं किती ते पाठवा आणि आल्यावर मोजा. आलेलं नसेल तर शून्य लिहू नका, थांबा. पंचावन्न मुलांचं एकच पान करायच्या ऐवजी एकेका मुलाची ओळ वेगळी पाठवा, म्हणजे मर्यादेचा प्रश्नच येत नाही. आणि तक्रार आली की आधी मोजा : ब्राउझरने पाठवले किती, प्रोग्रामला मिळाले किती. आकडे जुळले नाहीत तर तोंडातलं ते वाक्य गिळा. जुळले, तरी आधी स्वतःच्या सेव्ह करणाऱ्या ओळी वाचा.

त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी काय केलं म्हणाल, तर मी आकडे लिहून पाठवल्यावर मर्यादा हजारची पाच हजार केली आणि 'इश्यू रिझॉल्व्ह्ड' अशी एका ओळीची मेल धाडली. आलं नाही तर शून्य लिहायची ओळ तशीच ठेवली. मावशीची माफी मागितली का? छे!

असो. घरच्या मंडळींनी एवढंच करा. लांब फॉर्म भरलात की हिरव्या पट्ट्यावर विसंबू नका. तेच पान पुन्हा उघडा आणि थेट तळाशी जा, शेवटच्या दोन-तीन ओळी बघा, छाटणी बहुधा तिथेच होते. पान बंद करायच्या आधी फोनने फोटो काढून ठेवा. आणि कोणी "तुम्हीच भरलं नसेल" म्हणालं, तर आवाज न चढवता विचारा, "तुमच्या सर्व्हरपर्यंत किती रकाने पोचले, ते मोजून सांगता का?" समोरचा गप्प झाला तर मला फोन करा. रविवारी सकाळी मी मोकळी असते.